तारेतून काय वाहते?
घरातल्या टीव्ही आणि ध्वनियंत्रणेच्या जोडण्यांवरील पुस्तकाची प्रस्तावना

आपल्या बाजारात जिला आरसीए पिन म्हणतात, ती छोटी गोल पिन जवळपास नव्वद वर्षे नाना प्रकारची कामे करत आली आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणारा काही सहस्रांश व्होल्टचा नाजूक संकेत तिच्यातून जातो. सीडी प्लेअरचा सुमारे दोन व्होल्टचा आवाजही तिच्यातूनच जातो. रंग पिवळा असेल तर बहुधा चित्र, नारिंगी असेल तर आकड्यांच्या रूपातला आवाज. पिन तीच आणि सॉकेटही तेच, पण आतला व्यवहार दर वेळी निराळा. दुकानात गिऱ्हाईक पिन दाखवून वायर मागते, दुकानदार पिन बघून वायर काढून देतो, आणि बऱ्याचदा काम भागते. भागत नाही तेव्हा मात्र दोष पिनेत शोधून सापडत नाही. वायर विकत घेण्याआधी तिच्यातून काय वाहणार आहे हे विचारावे, एवढा एकच आग्रह धरून हे पुस्तक लिहिले आहे.

टीव्हीच्या मागे एकाच गुंत्यात पडलेल्या या तारांची कामे एकमेकींपासून किती लांबची असतात, याची कल्पना सुरुवातीलाच यायला हवी. गच्चीवरच्या अँटेनाने पकडलेला संकेत व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो. उलट अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देत असेल, तर त्या तारेवर सुमारे २८ व्होल्ट असतात आणि साडेतीन अँपिअर प्रवाह धावतो. एचडीएमआय केबलमधून सेकंदाला अब्जावधी बिट जातात. अँटेनाच्या तारेला बाहेरचा विद्युत गोंगाट छळतो, स्पीकरच्या तारेला तिचा स्वतःचाच रोध नडतो, आणि एचडीएमआयला लांबी. त्यामुळे ‘चांगली वायर कोणती?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ते आहे असे सांगून विकल्या जाणाऱ्या वायरवर खूप पैसा वाया जातो.

या विषयाचा इतिहास टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुरू होतो. एका गिऱ्हाइकाची तार दुसऱ्याशी जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑपरेटर जी पाव इंची पिन सॉकेटमध्ये खुपसत, तिचाच आकार आजही गिटारच्या आणि मोठ्या हेडफोनच्या जॅकमध्ये आहे. तिची ३.५ मिलिमीटरची धाकटी आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनसाठी आली आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने ती जगभर नेली. आरसीए पिनेचा जन्म १९३० च्या दशकातला. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीला रेडिओच्या पेटीला रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र जोडायचे होते, म्हणून तिने ती काढली. कॅबिनेटच्या आत राहणारी ती एक स्वस्त जोडणी होती. पुढे ती सगळ्या घरात पसरेल, असा तिच्या रचनेत काही विचारच नव्हता. म्हणूनच तिच्यात एक खोट राहून गेली: खोवताना मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी, म्हणजे ग्राउंड, नंतर. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून ही पिन लावली की स्पीकरमधून जो मोठा घुर्र आवाज येतो, त्याचे कारण हेच.

कोअ‍ॅक्सिअल केबलचे तसे नाही. मागे खोल गणित असलेली ही केबल आहे. मध्ये एक तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्याभोवती धातूची जाळी, आणि वर आवरण. या रचनेचे पेटंट इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्येच घेतले होते. टीव्हीसारखा रुंद पट्ट्याचा संकेत वाहण्याजोगे तिचे आधुनिक रूप १९२९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांनी सिद्ध केले. आतल्या तारेची जाडी आणि बाहेरच्या जाळीचा व्यास यांच्या प्रमाणावर केबलचा इम्पीडन्स, म्हणजे तिच्यातल्या संकेताच्या व्होल्टचे प्रवाहाशी असलेले प्रमाण, ठरतो. मध्ये हवा असलेल्या केबलमध्ये संकेताची गळती सुमारे ७७ ओहमला सर्वांत कमी होते, आणि टीव्हीच्या जगाने ७५ ओहम हा आकडा धरला. केबल, सॉकेट आणि यंत्र यांचा इम्पीडन्स जुळला नाही, तर संकेताचा काही भाग सांध्यावरून माघारी फिरतो. जुन्या टीव्हीवर मुख्य चित्राच्या शेजारी जी फिकट सावली दिसे, तिचे एक कारण हे परतलेले संकेतही होते.

महाराष्ट्राला हे सगळे गच्चीवरून माहीत झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. घरोघरी गच्चीवर ज्या कांड्यांच्या अँटेना उभ्या राहिल्या, त्यांची रचना जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांची, १९२६ ची. त्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत ३०० ओहमची चपटी वायर येई. ती स्वस्त आणि कोरड्या हवेत उत्तम, पण उघडी. पावसाचे पाणी तिच्यावर साचले की संकेत गळे, आणि लोखंडी गजाला चिकटून नेली की बिघडे. चित्र गेले की आपल्याकडे आधी अँटेना फिरवली जायची. पुष्कळदा दोष गच्चीपासून खिडकीपर्यंतच्या ओल्या वायरमध्ये असे.

नव्वदच्या दशकात केबलवाले आले तेव्हा कोअ‍ॅक्सिअल केबल इमारती-इमारतींवरून लोंबू लागली. घरात येणाऱ्या आरजी-६ जातीच्या केबलमध्ये एक गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मीटर अंतरात संकेताची जवळपास ९९ टक्के शक्ती खर्च होते. गच्चीगच्चीवर बूस्टर बसवावे लागले ते यामुळेच. प्रत्येक बूस्टर संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणून रांगेत शेवटी असलेल्या घराला मुंग्या जास्त दिसत. २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि नंतर पुणे-नागपुरात केबल डिजिटल झाली, तेव्हा मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी थिजणारे, चौकोनांत फुटणारे चित्र आले. केबलची दुखणी तीच राहिली, फक्त त्यांची लक्षणे बदलली. ही नवी लक्षणे ओळखायला पुस्तकात बरीच जागा दिली आहे.

डीटीएचच्या छत्रीची वायर दिसायला अगदी केबलवाल्याच्या वायरसारखी असते, पण तिच्यातून दोन्ही दिशांना काही ना काही जाते. छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी उपग्रहाचा दहा-बारा गिगाहर्ट्झचा संकेत उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो आणि खाली पाठवतो. खालचा सेट टॉप बॉक्स त्याच तारेतून वर वीज पाठवतो: १३ किंवा १८ व्होल्ट, आणि या दोन आकड्यांवरून एलएनबीला उभे ध्रुवीकरण हवे की आडवे ते कळते. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर छत्रीला लावला की काही चॅनेल दिसतात आणि काही गायब होतात, ते यामुळे.

तारेच्या धातूविषयीचा प्रश्नही इथेच सुटतो. आरजी-६ ची मधली तार अनेकदा पोलादाची असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. हे ऐकून फसवणूक झाल्यासारखे वाटते. पण एवढ्या उच्च वारंवारतेला प्रवाह तारेच्या फक्त पृष्ठभागातून जातो. एक गिगाहर्ट्झला तांब्यातली ती खोली मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतकी असते. आत पोलाद असले तरी संकेताला त्याचा पत्ता लागत नाही. हीच तार छत्रीसाठी खूप लांबवर टाकली, तर मात्र वर जाणारी वीज त्या पोलादाच्या रोधात अडखळते. आणि तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम स्पीकरच्या किंवा नेटवर्कच्या वायरमध्ये शुद्ध तांबे म्हणून विकले, तर ती सरळसरळ लबाडी आहे, कारण त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो. मुलामा एका ठिकाणी शहाणपणाचा आणि दुसऱ्या ठिकाणी घातक, हे तारेतून काय वाहते ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

जोडण्यांच्या जगात दोन विचार फार काळ शेजारी शेजारी नांदले. अमेरिका आणि जपानने प्रत्येक संकेताला वेगळी तार दिली: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. युरोपने सगळे एका पिनेत घालायचा मार्ग धरला. जर्मनीची पाच काट्यांची डिन पिन टेपरेकॉर्डरला ये-जा दोन्ही करू देई. फ्रान्समधून आलेल्या स्कार्टच्या एकवीस काट्यांत चित्र, आवाज आणि ‘मी चालू झालो, आता माझ्याकडे बघ’ असे टीव्हीला सांगणारी वेगळी तारही होती. आपल्याकडे स्कार्ट फारसा रुजला नाही. तरी माझ्या मते आजच्या एचडीएमआयचा खरा पूर्वज तोच आहे. यंत्रांनी एकमेकांशी बोलावे ही कल्पना घरात त्याने आणली.

पिवळ्या तारेची मर्यादा अशी, की उजेड आणि रंग तिच्यात मिसळून पाठवले जात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागत. निवेदकाच्या बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचायचे ते या वेगळे करण्यातल्या चुकांमुळे. एस-व्हिडिओने उजेड आणि रंग वेगळे केले. कंपोनंटने लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन पिना दिल्या, त्यांत आवाजाचीही एक लाल पिन भेटली आणि कितीएक घरांत त्या दोन लालांची अदलाबदल झाली. डीव्हीडीच्या उत्तम दिवसांत कंपोनंटचे चित्र खरोखर देखणे असे.

आकड्यांचे युग आधी आवाजाकडून आले. सोनी आणि फिलिप्सने सीडीबरोबर एक डिजिटल जोडणी ठरवली, आणि तोशिबाने १९८३ मध्ये तिच्यासाठी प्रकाशाची तार काढली. या तारेच्या टोकाला दिसणारा लाल ठिपका सगळ्यांनी पाहिला असेल. प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. हा गुण तिच्या जाहिरातीत क्वचितच सांगितला जातो, पण आपल्याकडच्या घरांत मोठ्या उपयोगाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

चित्राच्या बाबतीत संगणकांसाठी १९९९ मध्ये डीव्हीआय आले आणि डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर केली. पिनेत एकोणीस काटे, चित्र आणि आवाज एकत्र, शिवाय चोरून नक्कल होऊ नये म्हणून कुलूप. टीव्ही आणि बॉक्स यांची आपसात ओळख पटली नाही की पडदा काळा राहतो, आणि त्या क्षणी केबल निर्दोष असू शकते. साध्या फुल एचडी चित्राला या तारेवर सेकंदाला साडेचार अब्ज बिटच्या आसपास जागा लागते, तर सेकंदाला साठ चौकटींच्या फोर-के चित्राला जवळपास अठरा अब्ज. म्हणून क्षमता २००६ मधल्या १०.२ गिगाबिटवरून २०१३ मध्ये १८ आणि २०१७ मध्ये ४८ वर गेली. केबलच्या पाकिटावर छापलेला ‘२.०’ किंवा ‘२.१’ हा आकडा खरे तर यंत्राच्या आवृत्तीचा असतो. केबलच्या अधिकृत श्रेणी वेगळ्या आहेत: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. वाचकाने या प्रस्तावनेतली एकच गोष्ट दुकानात घेऊन जायची ठरवली, तर ती ही असावी.

महाग एचडीएमआय केबलने रंग अधिक गहिरे होतात, हा दावा मात्र मला मान्य नाही. आकडे एक तर पोचतात, नाही तर पोचत नाहीत. कमी पडणाऱ्या केबलवर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जाते किंवा येतच नाही. त्वचेचा रंग थोडा फिका पडणे हे तिचे लक्षण नव्हे. लांबी वाढली की अडचण खरी होते. पाच-सात मीटरच्या पुढे फोर-के नेताना साधी तांब्याची केबल पुष्कळदा हरते आणि आत प्रकाशतंतू असलेली केबल घ्यावी लागते. तिची दोन टोके सारखी नसतात: एक बॉक्सकडे लावायचे, दुसरे टीव्हीकडे. भिंतीत उलटी गाडलेली अशी केबल म्हणजे प्लास्टर फोडणे.

स्पीकरच्या तारेवरून ध्वनिप्रेमींमध्ये उघड दोन पंथ पडले आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्पीकरला साधी विजेची वायर लावत. नंतर जाड, देखण्या, खास स्पीकर केबलचा व्यवसाय अमेरिकेत उभा राहिला आणि वायरीलाही स्वतःचा आवाज असतो असे मानणारे घडले. दुसरा पंथ मोजणाऱ्यांचा. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी आपले दहा लाख डॉलरचे बक्षीस, महागड्या स्पीकर केबलमधला फरक न पाहता केवळ ऐकून ओळखणाऱ्यालाही देऊ केले. ती चाचणी प्रत्यक्षात झाली नाही. माझा कल मोजणाऱ्यांकडे आहे आणि त्याचे कारण हिशेबात आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. स्पीकर दहा मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे साधारण ०.३४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला हे चार टक्के, चालून जाते. चार ओहमच्या स्पीकरला साडेआठ टक्के, तिथे अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. जाडी आणि तांबे यांना पैसे द्यावेत. त्यापलीकडच्या दाव्यांना देण्याआधी मित्राला पडद्यामागे वायर बदलायला सांगून ऐकावे. मनापासून ऐकणाऱ्या माणसाचा मला आदर आहे, म्हणूनच त्याची फसवणूक होऊ नये असे वाटते. सोन्याच्या मुलाम्याचेही तसेच. सोने तांब्यापेक्षा चांगले वाहक नाही; ते गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. पण मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, तिथे तो खरा गुण आहे.

आता अर्थिंग. पुस्तकातला सर्वांत लांब भाग यालाच दिला आहे. घरात अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग, टीव्हीला दोन पिनांचा, आणि केबलवाल्याची जाळी कुठल्यातरी दुसऱ्याच इमारतीत जमिनीला टेकलेली. या सगळ्यांच्या ‘शून्या’त फरक असला, की तो फरक आवाजाच्या तारेच्या जाळीतून वाहू लागतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची संथ घुमघुम ऐकू येते. टीव्हीची कोअ‍ॅक्सिअल काढल्यावर घुमघुम थांबली तर चोर सापडला. तिथे आयसोलेटर लावावा, किंवा टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या तारेने न्यावा. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड अर्थ पिन कापून टाकण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. त्याने घुमघुम थांबतेही. पण त्या यंत्रात बिघाड झाला, तर त्याच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि ते जमिनीत नेणारा रस्ता कापलेला असेल. हे कुणीही, कधीही करू नये. पोर्ट जळण्याचेही एक कारण याच विषयात आहे: अर्थ नसलेल्या यंत्रांच्या धातूवर थोडी वीज तरंगत असते, आणि चालू यंत्रांत एचडीएमआय खोवताना ती नाजूक काट्यांतून उतरू शकते. आधी दोन्ही यंत्रे भिंतीवरच्या बटणाने बंद करावीत, पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की कोअ‍ॅक्सिअलही काढून ठेवावी.

हे सगळे आत्ताच सांगण्याची निकड भिंतींमुळे आली आहे. पूर्वी वायर उघड्यावर असे, चुकली तर ओढून काढता येई. आता फ्लॅटच्या सजावटीत ती प्लास्टरमागे आणि फॉल्स सीलिंगवर जाते. टीव्ही काही वर्षांत बदलतो, भिंत पिढीभर राहते. दिव्यांसाठी टाकतात त्या २० मिलिमीटरच्या पाइपातून एचडीएमआयचे डोके जात नाही. ही गोष्ट काम संपल्यावर कळते. विजेच्या आणि संकेताच्या तारा एकाच पाइपात कोंबल्या तर घुमघुम कायमची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे अनुभवी दुकानदाराला प्रश्न विचारून वायर घेता यायची, अजूनही येते. पण आता पुष्कळशी वायर फोटो पाहून मागवली जाते, आणि फोटोत अ‍ॅल्युमिनियमवरचा तांब्याचा मुलामा तांब्यासारखाच दिसतो. हातात आल्यावर टोक ब्लेडने खरवडावे. आत चंदेरी रंग दिसला की परत करावी.

वायरलेसमुळे हा प्रश्न मिटेल असे पुष्कळांना वाटते. ब्लूटूथने मोबाइलवरचे गाणे स्पीकरवर आणणे सोपे केले, हे खरे. पण सिनेमात ओठ आणि आवाज यांच्यात अंतर पडू शकते, आणि प्रत्येक वायरलेस स्पीकरला विजेची तार लागतेच. दरम्यान यूएसबी-सीने आरसीएचीच कथा नव्याने सुरू केली आहे. तोच आकार एका केबलमध्ये सेकंदाला ४८० मेगाबिट नेतो आणि दुसरीत ४० गिगाबिट. एकीत चित्र जाते, दुसरीत फक्त चार्जिंग होते, आणि बाहेरून फरक दिसत नाही.

म्हणून पुस्तकाची मांडणी पिनांच्या आकारावर केलेली नाही. दुर्बळ संकेत, हवेतून आलेल्या लहरी, स्पीकरची ताकद आणि आकड्यांचे ओघ अशा वाहणाऱ्या गोष्टींवर ती बेतली आहे, आणि एकच पिन त्यामुळे अनेक ठिकाणी पुन्हा भेटेल. घर सजवणारे, वायरमनचे काम शिकणारी मुले, आणि निवृत्तीनंतर जुन्या तबकड्या पुन्हा ऐकू पाहणारे वाचक डोळ्यांसमोर होते. साधा मल्टिमीटर जवळ असावा, कारण बरेच प्रयोग त्याच्यावर आहेत. सभागृहांची आणि मांडवांची ध्वनियंत्रणा हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. कोणत्याही कंपनीची शिफारस नाही. एचडीएमआयची ९६ गिगाबिटची २.२ आवृत्ती २०२५ मध्ये आली आणि पुढेही आवृत्त्या येत राहतील, म्हणून वेगांचे तक्ते शेवटी एकत्र ठेवले आहेत; पुढच्या आवृत्तीत तेवढी पाने बदलता येतील.